अंगठाभर ढील

मेहिकालीत जुलै महिन्यात
शिडीसुद्धा हातमोज्याशिवाय धरवत नाही.
मामा पुढे. मी मागे, खांद्यावर पाण्याचा पाइप.
सकाळचे आठ वाजलेत
आणि छताचं डांबर आत्ताच बूट सोडायला तयार नाही.

खाली दोन्या सोकोर्रोचं दुकान,
पोरींच्या पंधराव्या वाढदिवसाचे झगे शिवायचं.
वर हे पत्र्याचं खोकं, साडेसात टनी,
माझ्याहून दोन वर्षांनी मोठं.
तक्रार एवढीच : गार होत नाही.

अर्नुल्फोमामा आधी काही बोलत नाही.
मुख्य स्विच खाली ओढतो,
कपॅसिटरमधली उरलीसुरली वीज काढून टाकतो.
"बंद झालं म्हणजे मेलं असं नव्हे,"
हे मात्र दरवेळी.

मग दार. आठ स्क्रूंची भोकं, स्क्रू पाच.
दाराच्या आतून मार्करने मामाचं अक्षर :
मे, पट्टा बदलला.
मे, मोटर.
मे, पट्टा.
एका मे पुढे नुसती रेघ.
त्या वर्षी मामी गेली.

फिल्टर ओढला तर गोधडीच निघाली :
सुताची पिंजण, जाळीच्या कापडाचा भुगा,
शेतांवरून आलेली पिवळी माती,
आणि मधोमध एक गुलाबी टिकली, चमकत.
ती मी खिशात टाकली.

आतल्या कॉइलवर बर्फ.
सत्तेचाळीस डिग्रीच्या छतावर
चार बोटं जाड, पांढराशुभ्र बर्फ!
मामाचं लक्ष नाही बघून मी गाल टेकवला.
(लक्ष होतं.)

"गॅस कमी असेल?"
"गॅस भरणारे गल्लोगल्ली आहेत," मामा म्हणाला.
"पट्टा दाब."
दाबला.
"एवढी, अंगठाभर ढील हवी.
घट्ट केलास तर बेअरिंग रडतं,
सैल सोडलास तर तो स्वतःच बोंबलतो."
पट्टा ठीक होता.

नुसता पंखा चालू ठेवून
आम्ही बर्फ वितळायची वाट पाहिली.
तोवर मी बाहेरची कॉइल धुतली,
आतून बाहेर, पात्या न वाकवता.
पाणी कॉफीसारखं निघालं, मग चहासारखं, मग पाण्यासारखं.
खोक्याच्या वीतभर सावलीत बसून बुरितो खाल्ले.
समोर सरहद्दीची लोखंडी भिंत,
तिच्या पलीकडे कालेक्सिकोची छतं,
छतांवर हीच खोकी,
आणि एका छतावर पाइप घेतलेला कोणीतरी.
मी हात हलवला. त्याने डोळ्यांवर हात धरून पाहिलं, बस.

मग मामा खाली उतरला आणि वर बघत
अख्ख्या दुकानात फिरला.
मणी ओवायच्या कोपऱ्यात
छताच्या तीन झरोक्यांना पुठ्ठे चिकटवलेले.
बुटांच्या खोक्यांची झाकणं,
एकावर अजून किंमत.

ओतिलिया सुईवरून नजर न काढता म्हणाली,
"मानेवर पडायचं सगळं गार. सुई धरवेना.
आधी एकच लावला होता."
तिकडे इस्त्रीपाशी नेरेइदा
घामाने पोतेरं होऊन उभी.
तिला वाटत होतं, मशीन म्हातारं झालं.
चार महिने दोघी एकाच टेबलावर जेवत होत्या.

मामा स्टुलावर चढला.
पुठ्ठे काढले, फाडले नाहीत, ओतिलियाच्या हातात दिले.
झरोक्याच्या पट्ट्या एकेक करून
तिच्या मानेवरून इस्त्रीकडे वळवल्या.
"आता?"
"थोडं अजून."
"आता?"
नेरेइदाने डोळे मिटले. तेवढं पुरे झालं.

पुन्हा छत. गेज जोडला,
निळी सुई हळूहळू उठली आणि राहिली.
मामाने दार लावायच्या आधी मार्कर माझ्याकडे दिला.
मी लिहिलं : जुलै. पुठ्ठा.
"तापमान लिही," म्हणाला.
तेही लिहिलं.
आठही भोकांत आमचे स्क्रू.

निघताना पाहिलं तर ओतिलियाच्या खांद्यावर शाल तशीच.
"सवय गं," म्हणाली,
आणि दातांनी दोरा तोडला.